भोंगा वाजत असताना

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात मिसळ खात होते आणि दुसऱ्या पावाकडे नुकताच हात नेला होता.

शनिवारची मिसळ ही आमच्याकडची रीत. ऑफिस नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. भिंतीवर मोठा स्क्रीन आणि त्यावर आमच्या सगळ्या चाचण्यांचे बारीक चौकोन. चाचणी पास झाली की चौकोन हिरवा, नापास झाली की लाल. आठवडाभर भिंत हिरवी राहिली की शनिवारी सकाळी सरांकडून सगळ्यांना मिसळ. सर म्हणजे आमचे मालक. कंपनी छोटी, त्यामुळे मालकही तेच आणि तर्री वाढणारेही तेच. पूर्वी ही मिसळ कधीमधी मिळायची. गेले कित्येक महिने मात्र एकही शनिवार कोरडा गेला नव्हता. सगळ्यांची वजनं वाढली होती, आणि वजनापेक्षा रुबाब जास्त वाढला होता.

दादा नामपूरहून कधी त्या वेळेला फोन करत नाही. मी तोंडातला घास तसाच ठेवून म्हटलं, "बोल."

"तुझ्या वहिनीचा हात पट्ट्यात गेला. सटाण्याला दवाखान्यात आणलंय."

हातातला पाव वाटीत पडला आणि रस्सा टेबलभर उडाला. दादा मात्र बोलतच होता, आणि रडत नव्हता, चिडला होता. "समोर एवढं मोठं लाल बटण शे. हिनं दाबलंच नाही बघ. येड्यासारखी पट्ट्याकडे पाहत राहिली. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला, नाहीतर अख्खा हात गेला असता."

पट्टा म्हणजे काय ते सांगते. नामपूरला आमच्या घरची कांद्याची शेड आहे. म्हणायला दादाची, पण उभी केली वहिनीने. कांदा निवडायला बाया कुठून आणायच्या, कुठला माल कधी काढायचा, गाडी कधी भरायची, सगळं तिच्या जिभेवर. दोन वर्षांपूर्वी तिच्याच हट्टाने प्रतवारीचं मशीन आलं. एका टोकाला कांदे ओतायचे, पट्ट्यावरून ते पुढे सरकतात आणि लहान-मोठे वेगळे होऊन खाली पडतात. मशीन नाशिकच्याच एका कारखानदाराने बनवलेलं. त्याच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर, आणि त्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम तयार होतो आमच्या कंपायलरने, म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरने. हे कळलं तेव्हा मी केवढी मिरवले होते. आमच्या कामाचा उपयोग काय, हे घरच्यांना पहिल्यांदा बोट दाखवून सांगता आलं होतं.

मी बसने सटाण्याला पोचले तेव्हा वहिनी पलंगावर बसून होती. उजव्या हाताला बँडेज. मधल्या दोन बोटांची हाडं मोडली होती आणि एकाचं पेर गेलं होतं. ती रडत नव्हती. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "मी दाबं व्हतं, ताई. भोंगा वाजताच दाबं. दोन-तीनदा दाबं. पट्टा थांबनाच नै."

मी तिला नीट सगळं विचारलं. पट्ट्यात गोणीची सुतळी अडकली होती, त्यामुळे तो आपोआप थांबला. ती सुतळी काढत होती. अडथळा निघाला की मशीन आधी भोंगा वाजवतं, दोन-तीन सेकंद, म्हणजे माणसांनी हात काढून घ्यावा, आणि मग पट्टा चालू होतो. भोंगा वाजला तेव्हा तिची बांगडी सुतळीत अडकलेली होती. हात निघेना, म्हणून डाव्या हाताने तिने बटण दाबलं. बस्स, एवढंच. मी अठरा वर्षं या बाईला ओळखते. ती हट्टी आहे, फटकळ आहे, माझ्यापेक्षा जास्त भांडते, पण घडलं नाही ते घडलं असं ती कधी सांगत नाही.

पण तिचं ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी कारखानदार स्वतः शेडवर आला. माणूस भला. त्याने पट्टा चालू केला, बटण दाबलं, पट्टा थांबला. परत चालू केला, परत दाबलं, परत थांबला. शेजारपाजारचे सगळे गोळा झाले होते, त्यांनीही हौसेने दाबून पाहिलं. मग तो म्हणाला, "याचा कंपायलर तर तुमच्याच बहिणीच्या कंपनीचा आहे. हजारो चाचण्या करून देतात ते लोक." झालं. माझ्याच नावाने माझ्या वहिनीला खोटं पाडलं गेलं. तळपायाची आग मस्तकाला गेली माझी.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी सोता दाबीसन पाहं. दरवेळे थांबस. घाबरली असंल ती. आता तिला मशीनजवळ जाऊ देणार नाही मी. घरात बसंल." सकाळीच दवाखान्यातून घरी आणलेली वहिनी हे दारातून ऐकत होती. शेड म्हणजे तिचा जीव. ती मागे वळली आणि घरात निघून गेली.

सोमवारी मी ऑफिसात गेले ती भांडायच्या तयारीनेच. पण भांडायचं कोणाशी? आधी मला कळायला हवं होतं की असं होऊ शकतं का.

माझं काम थोडक्यात असं. हल्लीच्या प्रोग्रॅममध्ये एका वेळी अनेक कामगार राबत असतात. त्या मशीनमध्येही एक कामगार पट्टा सांभाळतो, दुसरा बटणावर लक्ष ठेवतो. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर मशीनच्या भाषेत नेतो, आणि नेता नेता हुशारी करतो. हे काम आधी उरकलं तर वेळ वाचेल, ते दोनदा कशाला, असं करत तो कामांची क्रमवारी बदलतो. एकटा कामगार असेल तर ही हुशारी खपून जाते. दोघे असतील तर जपावं लागतं. जुन्या नाशकातल्या भद्रकालीच्या बोळांत स्कूटर चालवताना वळणावर आधी हॉर्न द्यायचा आणि मग बघायचं, असा नियम आहे. समोरचाही तेच करतो, म्हणून दोघांपैकी एकाला तरी दुसरा कळतोच. आता कोणी शहाण्याने ठरवलं की आधी बघून घेऊ आणि हॉर्न मग देऊ, तर दोघेही रस्ता मोकळा बघतील आणि वळणावर एकमेकांच्या अंगावर जातील. कंपायलरने कुठे ही अदलाबदल करायची आणि कुठे अजिबात करायची नाही, याचे नियम मी गणिताच्या भाषेत लिहिते. एकही शब्द मोघम चालत नाही. मग त्या नियमांवरून आम्ही बारक्या बारक्या हजारो प्रोग्रॅमच्या जोड्या तयार करतो, कंपायलरमधून काढतो, पुन्हा पुन्हा पळवतो, आणि नियमाने मना केलेला निकाल कधी येतो का ते बघतो. आला तर चौकोन लाल.

मी वहिनीचा प्रसंग तसाच मांडला. एक कामगार पट्ट्याचा: भोंगा वाजव, "मी निघालो" अशी खूण कर, मग बटणाची चिठ्ठी बघ, नसेल तरच पट्टा सोड. दुसरा बटणाचा: चिठ्ठी ठेव, मग पट्ट्याची खूण बघ, पट्टा निघाला असेल तर वीज तोड, नसेल तर निवांत राहा, कारण पट्टा निघण्याआधी चिठ्ठी बघेलच. माझा नियम स्पष्ट सांगत होता की दोघेही एकमेकांना चुकले, असा निकाल येता कामा नये. मी भोंगा वगळून याची छोटी चाचणी केली आणि लावून दिली.

हिरवी. तासाभराने पाहिलं, हिरवी. जेवून आले, हिरवीच. मी प्रोग्रॅम उलटेसुलटे करून पाहिले, तरी भिंत कशी पाचूसारखी. दुपारी माझ्या मनात पहिल्यांदा आलं की वहिनीने खरंच दाबलं नसेल तर? त्या विचाराची मला इतकी लाज वाटली की मी जागेवरून उठलेच.

तेवढ्यात वीज गेली. एप्रिलमध्ये हे नेहमीचंच. इन्व्हर्टरने दिवे धरले, पण चाचण्यांचं मशीन, म्हणजे ज्यावर त्या पळतात तो कॉम्प्युटर, बंद पडलं की काय, म्हणून मी कोपऱ्यात जाऊन त्याच्यावर हात ठेवला. मशीन चालू होतं. पण गार होतं.

मी हात काढला आणि परत ठेवला. सकाळपासून सगळे कामगार एकदम राबवणारं मशीन भट्टीसारखं तापायला हवं होतं, त्याचा पंखा गिरणीसारखा घोंघावायला हवा होता. हे म्हणजे कुकर गॅसवर ठेवून तासभर शिट्टीच न होणं. मी त्याच्या स्क्रीनवर आत काय चाललंय ते उघडून पाहिलं. मशीनला आठ गाभे आहेत, म्हणजे एकाच वेळी आठ कामगार खऱ्या अर्थाने शेजारी शेजारी उभे राहून काम करू शकतात. त्यातला एक गाभा घाम गाळत होता. बाकीचे सात रिकामे बसले होते.

मला आधी कळेचना की मी काय बघतेय. मग कळलं. आमच्या सगळ्या चाचण्या एकाच गाभ्याला बांधलेल्या होत्या. दोघांची वळणावर गाठ पडते का, हे तपासायला आम्ही बोळात एका वेळी एकच स्कूटर सोडत होतो. पहिली घरी पोचली की दुसरी. आणि टक्कर झाली नाही, म्हणून दर शनिवारी मिसळ खात होतो.

हे कोणी चोरून केलं नव्हतं, याचाच तर मला सगळ्यात मोठा धक्का बसला. मला लख्ख आठवलं. पूर्वी एखादी चाचणी कधी लाल यायची, परत चालवली की हिरवी. लाल पुन्हा सापडायची नाही, आठवड्याची मिसळ मात्र जायची. सगळे वैतागले होते. मग एका सकाळी सर खुशीत येऊन म्हणाले होते, "सगळं एका गाभ्याला बांधलं. आता निकाल कसे स्थिर येतात बघा." आम्ही सगळे इंजिनियर, सगळे एकदम राबणाऱ्या कामगारांच्या प्रोग्रॅमवर पोट भरणारे, आणि आम्ही सगळे "वा सर" म्हणालो होतो. एकाच्याही डोक्यात आलं नाही की कधी लाल आणि कधी हिरवं, हेच तर आम्ही शोधायला बसलो होतो.

मी बांधलेलं सोडलं. पंखा एकदम गरजला. टेबलावरचा चहा तोंडाला लावते न लावते तोच माझी चाचणी लाल झाली.

मी देवळाली कॅम्पला राहते. तिकडे तोफांचा सराव चालतो, खिडक्यांच्या काचा थडथडतात, आणि आम्ही मान वर न करता पोळ्या लाटत राहतो. त्या एका लाल चौकोनासरशी मात्र मी हातातला चहा खाली ठेवला. मग शेजारचा चौकोन लाल झाला. मग वरचा. भिंतीवर कांजिण्या उठाव्यात तसे चौकोन उठत गेले. ऑफिसातलं टायपिंग थांबलं.

मी तयार झालेला प्रोग्रॅम उघडून वाचला. कंपायलरच्या ताज्या आवृत्तीत आम्ही एक नवी हुशारी घातली होती, आणि याच आवृत्तीने बनलेला प्रोग्रॅम कारखानदाराने नुकताच शेडच्या मशीनमध्ये भरला होता. लांबचं वाचन आधीच उरकून घ्यायचं, म्हणजे नंतर थांबावं लागत नाही. जे दोघांत वाटलेलं, म्हणजे दोघांच्याही वापरातलं आहे, त्याला हात लावायचा नाही, असं माझ्या नियमात होतंच. पण ही हुशारी आणखी एका जुन्या हुशारीच्या मागोमाग चालली की मधल्या मध्ये "वाटलेलं" ही खूणच पुसली जात होती. मग शेडच्या मशीनमध्ये चिठ्ठी बघण्याचं काम पार वर सरकत होतं, भोंग्याच्याही आधी. म्हणजे पट्टा आधीच चिठ्ठी बघून मोकळा व्हायचा, मग भोंगा वाजवायचा, मग निघायचा. भोंगा वाजत असताना कोणी बटण दाबलं, तर ते कोणाच्याच नजरेला पडत नव्हतं. आणि चिठ्ठी एकदा ठेवलेली असल्यामुळे पुढे कितीही वेळा दाबा, बटणाचा कामगार म्हणणार, मी माझं काम केलंय.

कारखानदाराने पट्टा चालत असताना बटण दाबलं होतं. दादानेही. सगळ्या गावाने. भोंगा वाजत असताना ते कोणी दाबलं नव्हतं, कारण त्या वेळी ते फक्त त्यालाच दाबावं लागतं, ज्याचा हात आत अडकलाय.

मी आधी दादाला फोन करून सांगितलं, "मशीन बंद कर. आत्ता. कारण विचारू नकोस." मग सरांच्या केबिनमध्ये गेले. ते माझ्या मागोमाग बाहेर आले, भिंत बघितली. मग म्हणाले, "उद्या गिऱ्हाईक भेटीला येतंय. तेवढ्यापुरतं परत बांधून ठेवू या का? नंतर शांतपणे बघू."

"सर, माझ्या वहिनीचं बोट गेलंय या हिरव्या भिंतीपायी," मी म्हणाले. बहुधा ओरडले, कारण खालच्या दुकानातला माणूस जिन्यात आला. "आज आणखी कोणाचा हात आत असेल तर? त्यांनाही सांगू का, नंतर शांतपणे बघतो?"

सर खुर्चीवर बसले. "पण मी तर सगळ्यांना सांगितलं होतं," ते पुटपुटले. ते खरंच होतं. मग त्यांनी फोन उचलला आणि आमचा कंपायलर वापरणाऱ्या एकेका कारखानदाराला स्वतः सांगायला सुरुवात केली, की मशिनं थांबवा, चूक आमची आहे. माणूस वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी मी नामपूरला गेले. नवा प्रोग्रॅम घेऊन कारखानदारही आला होता. शेडमध्ये कांद्याचा ढीग पडून होता, निवडणाऱ्या बाया बसून होत्या, दादा वैतागलेला होता. वहिनी घरातच होती. मी तिला हाताला धरून शेडवर आणलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "वहिनीने बटण दाबलं होतं. ती बरोबर होती. चूक आमच्या कंपायलरची आहे."

मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा निदान दादाला चार शब्द सुनावेल. ते सुनावणं ऐकायलाच मी एवढ्या लांब आले होते. ती खाली बघत हळूच म्हणाली, "ताई, मन्हासाठी खोटं बोलू नका. मी दाबंच नै व्हतं. आते माले बी आठवस. मन्हा हात बटनपावत गयाच नव्हता."

त्या चार दिवसांत इतक्या लोकांनी तिला इतक्या खात्रीने सांगितलं होतं, की स्वतःच्या हाताने केलेलं तिच्या आठवणीतून पुसलं गेलं होतं. हात पट्ट्यात गेल्याचं ऐकून मी हादरले होते, गारठलेलं मशीन बघून हादरले होते. पण असा धक्का मला आयुष्यात बसला नव्हता.

कारखानदार नवा प्रोग्रॅम भरायला पुढे झाला. मी म्हटलं, "थांबा. आधी जुनाच चालू द्या." सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, पट्टा रिकामा केला. अडथळा टिपणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यासमोर एक पुठ्ठा धरला, पट्टा थांबला. वहिनीला बटणासमोर उभं केलं. "भोंगा वाजला की दाबायचं. बाकी काही नाही."

मी पुठ्ठा काढला. भोंगा वाजला. तिने डाव्या हाताने बटण दाबलं. सगळ्यांना दिसेल असं, पूर्ण आत.

भोंगा थांबला आणि पट्टा चालू झाला.

बायांपैकी कोणीतरी "माय व!" म्हणाली. वहिनीने पट्ट्याकडे पाहिलं, मग बटणाकडे, आणि पुन्हा दाबलं. पट्टा चालतच राहिला. तिने परत दाबलं, आणखी जोरात. आता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती म्हणत होती, "दाबं व्हतं. मी दाबं व्हतं. मी दाबं व्हतं."

दादा धावत गेला आणि त्याने मेन स्विच ओढला. पट्टा थांबला. तरी ती बटण दाबतच होती. शेवटी दादाने जवळ जाऊन तिचा हात धरला.